नोबेल २०२५ : सहा तासिका, चाळीस मुलं आणि एक केळ्याची फणी

शिरपूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतील शिक्षिकेचा प्रश्न असा आहे: राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आठवड्यात आठवी-नववीच्या मुलांसमोर २०२५चे नोबेल पुरस्कार मांडायचे आहेत. रोज चाळीस मिनिटांची एक तासिका, वर्गात चाळीसेक मुलं, प्रयोगशाळा जेमतेम, बऱ्याच मुलांच्या घरी अहिराणी. दरवर्षी नावांचा तक्ता लागतो, मुलं सामान्यज्ञानाच्या परीक्षेपुरती नावं पाठ करतात आणि विसरतात. यापेक्षा वेगळं काय करता येईल?

मॅडम, तक्ता लावा, पण नावाखाली एक रकाना वाढवा: "हे कशावरून कळलं?" सगळा आठवडा या एका प्रश्नाभोवती बांधता येतो. सुसुमू कितागावा हे नाव मूल चार महिन्यांत विसरेल आणि विसरलं तरी हरकत नाही. पण एका घन सेंटिमीटरच्या पोटात दीड एकर कसं मावतं, हे त्याने स्वतः गुणाकार करून काढलं असेल, तर ते विसरणार नाही.

आधी वेळापत्रक. २०२६ साली २८ फेब्रुवारी शनिवारी येतो, म्हणजे सोमवार २३ पासून सहा दिवस मिळतात. दहावीची मुलं बोर्डाच्या परीक्षेत असतील, त्यांना यात ओढू नका. शुक्रवारी २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन आहे, तो दिवस साहित्याच्या नोबेलला द्या. सोमवारी वैद्यक, मंगळवारी भौतिकी, बुधवारी रसायन, गुरुवारी शांतता, शनिवारी मांडणी. रसायनाला शक्य असेल तर लागून दोन तासिका मागून घ्या. आपल्या भागातल्या मुलांसाठी २०२५चं सगळ्यात रसाळ पारितोषिक तेच आहे.

सोमवारच्या पहिल्या दहा मिनिटांत नियम सांगून टाका. आल्फ्रेड नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये मृत्युपत्रावर सही केली, १० डिसेंबर १८९६ रोजी त्यांचं निधन झालं आणि १९०१ पासून पुरस्कार सुरू झाले. एक पुरस्कार जास्तीत जास्त तिघांत वाटला जातो. मरणोत्तर देत नाहीत. वैद्यकाचा निर्णय कारोलिन्स्का संस्थेतली नोबेल सभा घेते, भौतिकी आणि रसायनाचा रॉयल स्वीडिश विज्ञान अकादमी, साहित्याचा स्वीडिश अकादमी. शांततेचा मात्र नॉर्वेच्या संसदेने निवडलेली पाच जणांची समिती घेते आणि तो ऑस्लोत दिला जातो. अर्थशास्त्राचं पारितोषिक नोबेलच्या मृत्युपत्रात नव्हतं. ते स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८ साली सुरू केलं आणि १९६९ साली पहिल्यांदा दिलं. बाजारातल्या कितीतरी मार्गदर्शक पुस्तकांत हा फरक गाळलेला असतो.

मुलं पैसे विचारणारच. २०२५ साली प्रत्येक पुरस्कार १ कोटी १० लाख स्वीडिश क्रोनांचा होता, आपल्या पैशांत साधारण दहा कोटी रुपयांच्या घरात. पदकाचा हिशेब मात्र मुलांकडून करून घ्या, कारण जळगावच्या सराफ बाजारामुळे सोन्याची भाषा खान्देशातल्या पोरांना घरातूनच येते. विज्ञान आणि साहित्याच्या पदकाचं वजन १७५ ग्रॅम आणि सोनं १८ कॅरेट. १८ भागिले २४ म्हणजे ७५ टक्के, म्हणून शुद्ध सोनं १३१.२५ ग्रॅम, आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने तेरा तोळ्यांहून थोडं जास्त. दागिन्यावर ७५० हा हॉलमार्क कुणी पाहिला असेल, तर ती हीच शुद्धता. पाच मिनिटांत वर्ग तुमच्या हातात येतो.

बुधवारच्या रसायनाशी जोडायचा केळ्यांचा प्रयोगही त्याच दिवशी लावून ठेवा, कारण त्याला शनिवारपर्यंतचे पाच दिवस लागतात. केळी शेतातूनच आणायची. तुमच्याकडे तापीकाठच्या एखाद्या मुलाच्या मळ्यातून एका घडाची एक फणी मिळेल. बाजारातली हिरवी दिसणारी केळीसुद्धा चालत नाहीत. त्यांना रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन (फळं पिकवणारा वायू) मिळून गेलेलं असू शकतं, आणि एकदा पिकण्याची क्रिया सुरू झाली की ती थांबवता येत नाही. प्रयोग फसण्याचं हे पहिलं कारण. फणीतली सहा केळी सुटी करून दोन-दोन अशी तीन सारख्या मापाच्या प्लॅस्टिक पिशव्यांत घाला. पहिल्या पिशवीत नुसती केळी. दुसरीत सोबत एक पूर्ण पिकलेलं केळं, जे स्वतः इथिलीन सोडतं. तिसरीत पोटॅशियम परमँगनेट पाजलेले विटेचे तुकडे.

हे तुकडे आदल्या शुक्रवारी-शनिवारीच करून ठेवावे लागतात. भाजक्या विटेचे बोराएवढे तुकडे, अंदाजे ५० ग्रॅम. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम परमँगनेट विरघळवून त्यात तासभर बुडवा, मग सावलीत पूर्ण सुकवा आणि मलमलीच्या पुरचुंडीत बांधा. हातमोजे घालूनच करा, डाग कातडीवर कित्येक दिवस राहतात. ग्लिसरीन, साखर, तेल यांच्याजवळ हे रसायन ठेवू नका, आग लागू शकते. तुकडे ओले राहिले तर पिशवीत दमटपणा वाढून देठाला बुरशी धरते. परमँगनेट इथिलीनचं ऑक्सिडीकरण करतं, त्यामुळे जांभळे तुकडे हळूहळू तपकिरी होतात. तो रंगबदल मुलांना रोज पाहू द्या.

अजून दोन अडचणी. बंद पिशवीत केळ्यांच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तोही पिकणं लांबवतो. म्हणून तिन्ही पिशव्या रोज एकाच वेळी एक मिनिट उघडून परत बांधा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही. दुसरी अडचण आपल्या हवेची. फेब्रुवारीअखेरीस दुपारचं तापमान तिशीच्या वर जातं, आणि अशा उष्णतेत ग्रँड नैन केळ्याचा गर मऊ होतो पण साल हिरवीच राहू शकते. रंगावर निकाल देऊ नका. खोलीच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात पिशव्या ठेवा आणि शनिवारी साल, गराचा मऊपणा, वास या तिन्हींची नोंद घ्या. तिसऱ्या पिशवीतली केळी कुणी खायची नाहीत.

आता वैद्यक. मेरी ब्रन्कोव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची. विषय असा की रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर का तुटून पडत नाही. इथे प्रयोग करून दाखवण्यासारखं काही नाही, पण अंदाज बांधायला लावण्यासारखं खूप आहे. तीन कार्डं बनवा. पहिल्यावर लिहा: नवजात उंदराची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, प्रतिकार यंत्रणेतल्या टी पेशी याच ग्रंथीत तयार होतात, आता काय होईल? मुलांना वहीत उत्तर लिहायला दोन मिनिटं द्या. जवळजवळ सगळी लिहितील की प्रतिकारशक्ती कमी होईल. दुसरं कार्ड उलटा: उंदीर आजारी पडले ते प्रतिकार यंत्रणा भलतीच भडकल्यामुळे, ती स्वतःच्या अवयवांवर हल्ला करू लागली. तिसरं कार्ड: साकागुचींनी त्याच वंशाच्या निरोगी उंदरांतल्या परिपक्व टी पेशी अशा उंदरांना टोचल्या, तेव्हा ते वाचले. मग प्रश्न विचारा, यावरून काय निष्कर्ष निघतो? दोन-तीन मुलं तरी स्वतःहून सांगतील की टी पेशींमध्ये आवर घालणाऱ्याही काही असल्या पाहिजेत. नेमक्या त्या पेशी कोणत्या, हे साकागुचींनी १९९५ साली दाखवलं. आज त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. निवड समितीने त्यांना प्रतिकार यंत्रणेचे पहारेकरी म्हटलं आहे. ती उपमा वापरा, पण हे पहारेकरी जंतूंवर नव्हे, आपल्याच इतर पेशींवर नजर ठेवतात हे स्पष्ट करा. इथे मुलांचा हटकून गोंधळ होतो.

ब्रन्कोव आणि रॅम्सडेल यांचं काम चिकाटीचं आहे आणि तसंच सांगावं. अंगावर खपल्या येऊन काही आठवड्यांत मरणाऱ्या उंदरांचा एक वाण होता. फक्त नर आजारी पडत, म्हणून दोष एक्स गुणसूत्रावर असणार हे उघड होतं. उंदराच्या एक्स गुणसूत्रात सुमारे १७ कोटी न्यूक्लिओटाइड (डीएनएची 'अक्षरं') असतात. शोधत शोधत त्यांनी क्षेत्र सुमारे ५ लाखांवर आणलं, त्यात २० जनुकं सापडली, एकेक तपासत गेले आणि दोष निघाला शेवटच्या, विसाव्या जनुकात. ते फॉक्सपी-३. माणसातल्या त्याच जनुकातल्या बिघाडाने आयपेक्स नावाचा दुर्मीळ आणि गंभीर आजार होतो, हे २००१ साली समोर आलं. दोन वर्षांनी साकागुचींनी दोन्ही धागे जोडले: नियामक टी पेशी घडवण्याचं काम हेच जनुक करतं.

वर्गात दोन प्रश्न येतील, उत्तरं तयार ठेवा. पहिला सिकलसेलबद्दल. सातपुड्यातल्या पाड्यांवरची मुलं असतील तर नक्कीच येईल, कारण कुणाच्या तरी घरी तो आजार असतो. खोटी आशा देऊ नका. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या एका बदलाचा आजार आहे, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. त्याच्या मुळाशी प्रतिकार यंत्रणेचा हल्ला नाही, म्हणून हा पुरस्कार त्या आजाराबद्दलचा नाही. ज्यांच्याशी संबंध आहे ते आजार म्हणजे टाइप-१ मधुमेह किंवा संधिवाताचा ऱ्हुमॅटॉइड प्रकार, आणि तिथेही उपचारांच्या चाचण्या चालू आहेत, औषध दुकानात आलेलं नाही. दुसरा प्रश्न 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' पावडरींचा. त्या उंदरांचं कार्ड परत दाखवा. अनावर प्रतिकारशक्ती जीव घेते, हे मुलांनी नुकतंच पाहिलेलं असतं.

भौतिकी अवघड आहे. जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले परिसरात केलेले हे प्रयोग. कण भिंतीपलीकडे 'बोगद्यातून' निघून जातो, असं पुंजभौतिकी (क्वांटम भौतिकी) सांगते. एकेका सूक्ष्म कणाबाबत ते आधीच माहीत होतं. प्रश्न असा होता की हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलात, असंख्य इलेक्ट्रॉन-जोड्या एकत्र वागत असताना, तेच घडतं का. त्यांनी दोन अतिवाहकांमध्ये (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थांमध्ये) अतिपातळ विद्युतरोधक थर ठेवला. अशा रचनेला जोसेफसन संधी म्हणतात, आणि ब्रायन जोसेफसन यांना तिच्या भाकितासाठी १९७३ साली नोबेल मिळालं होतं. संधीतून प्रवाह सोडला की सुरुवातीला व्होल्टेज शून्य असतं. काही काळाने ते अचानक उमटतं. तो काळ त्यांनी पुन्हा पुन्हा मोजला.

युक्ती या मोजण्यात आहे. मंडल उष्णतेच्या धक्क्याने शून्य व्होल्टेजच्या अवस्थेतून बाहेर पडत असतं, तर थंड करत गेल्यावर बाहेर पडण्याचा वेग घटतच गेला असता. तो एका तापमानापर्यंत घटला आणि पुढे कितीही थंड केलं तरी घटेना. उरलेलं कारण बोगद्याचं. शिवाय सूक्ष्मलहरी सोडल्यावर ठरावीक कंप्रतेलाच मंडल ऊर्जा घेत होतं, म्हणजे ऊर्जा टप्प्याटप्प्यानेच घेता येत होती.

वर्गात बोगदा दाखवता येणार नाही. भिंतीवर चेंडू मारून 'एखाद्या वेळी पलीकडे जाईल' असं सांगण्यात तासिका घालवू नका. दाखवता येतं ते वाट पाहण्याचं गणित. प्रत्येक मुलाला ल्युडोचा एक फासा द्या. सहा पडेपर्यंत टाकायचा आणि किती टाकांत पडला ते लिहायचं, असं पाच वेळा. चाळीस मुलांचे २०० आकडे होतात. आधी विचारा, सगळ्यात जास्त वेळा कोणता आकडा येईल? बहुतेक मुलं सहा म्हणतील. फळ्यावर स्तंभालेख काढला की सगळ्यात उंच स्तंभ बहुधा एकवर येतो, तेहतीसच्या आसपास, आणि पुढे उतार लागतो. सरासरी मात्र सहाच्या जवळ येते. दहा टाकांनंतरही सहा न पडलेले साधारण ३२ निघतील. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, जुळले तर कुणीतरी वही बघून लिहिलं आहे. आता सांगा की पुढचा क्षण सांगता येत नसला तरी असंख्य वेळा मोजल्यावर वेग नक्की सांगता येतो, आणि बर्कलेतल्या तिघांनी हेच केलं. फासे एकाच दुकानातले असले तरी एखादा घासलेला असतो. एखाद्या मुलाची सरासरी फारच वेगळी आली तर त्याला चुकलास म्हणू नका, त्याचा फासा तपासा.

या पुरस्कारानंतर 'क्वांटम' हा शब्द लावून ताईत आणि पट्टे विकणारे वाढतील. एक वाक्य तेवढ्यासाठी खर्च करा: मंडल निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड ठेवावं लागलं, गळ्यातल्या लॉकेटमध्ये ते होत नाही.

बुधवार, रसायन. रिचर्ड रॉब्सन, सुसुमू कितागावा, ओमर याघी. धातूचे आयन कोपऱ्यांत, कार्बनी रेणू दांड्यांसारखे मध्ये आणि आत मोकळ्या पोकळ्या, अशा स्फटिकांचा शोध. यांना एमओएफ (मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क) म्हणतात. रॉब्सन यांची सुरुवात शिक्षकांनी जरूर सांगावी अशी आहे. १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची रेणूंची प्रतिरूपं करायची होती. कोणत्या गोळ्याला भोकं कुठे पाडायची हे त्यांनी कार्यशाळेला आखून दिलं, आणि प्रतिरूपं जोडताना त्यांच्या ध्यानात आलं की भोकांच्या जागांतच सगळी रचना दडलेली आहे. भोकं बरोबर असली की गोळे आपोआप योग्य आकारात जुळतात. १९८९ साली त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक रेणू घेऊन हिऱ्यासारखी रचना, पण पोकळ्यांसकट, बनवली. ती नाजूक होती. कितागावा यांनी १९९७ साली अशा रचनांत वायू आत-बाहेर करू शकतात हे दाखवलं. याघी यांनी १९९५ साली या पदार्थांना नाव दिलं आणि १९९९ साली एमओएफ-५ बनवला, जो रिकामा असताना ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला तरी ढासळत नाही. याघी यांचं बालपण जॉर्डनमधल्या अम्मानला वीज आणि नळ नसलेल्या घरात गेलं. वर्गातल्या काही मुलांना हे ऐकायची फार गरज असते.

आता तोच खेळ हाताने. पांढरे वाटाणे दहा तास भिजवा आणि दोन्ही टोकं अणकुचीदार असलेल्या दातकोरण्या आणा. हरभरा चालतो, पण तो शिवणीवर दुभंगतो. वाटाणा जास्त गोल असतो. निम्मे वाटाणे हळदीच्या पाण्यात भिजवले की दोन रंग मिळतात, एक धातूचा, एक रेणूचा. प्रत्येक वाटाण्याला चार काड्या, कोणत्याही दोन काड्यांमधला कोन १०९.५ अंश. मुलं कोनमापकाने हे कधीच जमवू शकत नाहीत, कारण काड्या एका पातळीत नसतात. सोपी रीत अशी: वाटाण्याच्या मध्यापासून काडीच्या टोकापर्यंत ६ सेंटिमीटर धरा. कागदावर ९.८ सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढा. तीन काड्यांची टोकं तीन शिरोबिंदूंवर टेकवा, वाटाण्याचा मध्य त्रिकोणाच्या मध्यावर बरोबर २ सेंटिमीटर उंच हवा. चौथी काडी सरळ वर. कोन आपोआप बरोबर येतो.

एक बंद पिंजरा बनवायला दहा वाटाणे आणि बारा जोडकाड्या लागतात: एका रंगाचे चार, ज्यांना प्रत्येकी तीन जोड, आणि दुसऱ्या रंगाचे सहा, ज्यांना दोन-दोन जोड. उरलेले हात बाहेर काढून ठेवले तर आणखी सोळा काड्या. रचना पुढे सगळीकडे वाढत जाते हे त्या सोळा हातांमुळे दिसतं, म्हणून ते कापू नका. पाच जणांच्या गटाला पंचवीस मिनिटं पुरतात. रंग आलटून पालटून आले नाहीत तर हा पिंजरा बनत नाही. गटाला चूक स्वतः शोधू द्या, नुसतं 'रंग बघा' म्हणा. वाटाणे रात्रभर सुकले की काड्या घट्ट धरतात, तोवर कुणी उचलू नये.

पिंजरे सुकायला ठेवले की गणित. १ सेंटिमीटर बाजूचा घन, पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १ मिलिमीटरचे घन केले तर १,००० घन आणि ६० चौरस सेंटिमीटर. बाजू दहापट कमी, एकूण पृष्ठफळ दहापट जास्त. असंच १ नॅनोमीटरपर्यंत गेलं, म्हणजे बाजू एक कोटी पट कमी केली, तर ६ कोटी चौरस सेंटिमीटर, म्हणजे ६,००० चौरस मीटर. एक एकर ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा जवळजवळ दीड एकर. दोन-चार ग्रॅम एमओएफ-५ मध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढं पृष्ठफळ असतं ते याच कारणाने. जागा पोकळ्यांच्या भिंतींवर असते आणि वायूचे रेणू तिथे चिकटतात.

इथे केळ्यांच्या पिशव्या पुढे घ्या. काही एमओएफ इथिलीन धरून ठेवतात आणि फळ पिकणं लांबवतात. रावेर, सावदा, शिरपूरची केळी दूरच्या बाजारात पाठवणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परमँगनेट इथिलीन नष्ट करतं आणि संपतं, एमओएफ ते पोकळीत अडकवतं, हा फरक फळ्यावर लिहा. आज बाजारातल्या पेट्यांत एमओएफ आहे असं मात्र सांगू नका.

पाण्याचंही तसंच. याघी यांच्या गटाने ॲरिझोनाच्या वाळवंटात रात्री हवेतली वाफ पकडून दिवसा उन्हाने ती सोडवून पाणी मिळवलं. शिंदखेड्यात, साक्रीत टँकरची वाट पाहिलेली मुलं एकदम सरसावून बसतील. त्यांच्याकडून हिशेब करून घ्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोहावी वाळवंटात एक किलो पदार्थाने दिवसाला ०.७ लिटर पाणी दिलं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. ५५ भागिले ०.७, म्हणजे एका माणसामागे सुमारे ७९ किलो. पिण्यापुरते तीन लिटर धरले तर चार-साडेचार किलो. आशा कुठे आहे आणि कुठे अजून नाही, हे या दोन आकड्यांतून मुलांना नीट दिसतं.

गुरुवार, शांतता. व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना माचादो यांना लोकशाही हक्कांसाठीच्या कामाबद्दल पुरस्कार मिळाला. २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना उमेदवारी नाकारली गेली, त्यांनी एदमुंदो गोन्सालेस यांना पाठिंबा दिला. २८ जुलैला मतदान झालं. सरकारी निवडणूक मंडळाने निकोलास मादुरो विजयी म्हणून जाहीर केलं. विरोधी बाजूच्या स्वयंसेवकांनी मतदान केंद्रांवरच्या यंत्रांतून निघालेल्या मोजणीच्या पावत्या गोळा करून ८० टक्क्यांहून अधिक प्रसिद्ध केल्या, त्यांत गोन्सालेस मोठ्या फरकाने पुढे होते. "कशावरून कळलं" या रकान्यात इथे त्या पावत्या लिहायच्या. आपल्याकडे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या प्रतिनिधींना नमुना १७-सी देतात. गावात कुणी बूथ एजंट राहिलेलं असेल तर त्यांना दहा मिनिटं बोलवा. त्या कागदावर एकूण झालेली मतं असतात, उमेदवारवार नसतात, कारण मोजणी आपल्याकडे नंतर, दुसरीकडे होते. पक्षाची चिन्हं आणि नावं वर्गाबाहेर ठेवा, फक्त कागद समजून घ्या.

या निवडीवर टीकाही झाली. माचादो यांनी पुरस्कार व्हेनेझुएलाच्या जनतेला आणि अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना अर्पण केला, त्यावरून बरीच चर्चा झाली. मुलांनी विचारलं तर टाळू नका, दोन्ही बाजू सांगा. शांततेचा पुरस्कार नेहमीच असा वादात असतो. गांधीजींना तो कधीच मिळाला नाही. १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि हत्येच्या काही दिवस आधी १९४८ अशी पाच वर्षं त्यांचं नाव सुचवलं गेलं होतं. १९४८ साली योग्य असा हयात उमेदवार नाही म्हणून शांततेचा पुरस्कारच दिला गेला नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं आणि गांधीजी तिथे होते, म्हणजे पहिलं नाव सुचवलं गेलं ते त्यानंतर काही आठवड्यांतच. जमलं तर मार्चमध्ये जळगावच्या गांधीतीर्थची सहल जोडा. नामांकनं समितीकडून ५० वर्षं गुप्त राहतात, हेही इथेच सांगा. म्हणजे "अमुक नेत्याचं नाव नोबेलच्या यादीत" असा संदेश आला की मुलं विचारतील, यादी कुणी पाहिली? २०२५च्या शांतता पुरस्कारासाठी ३३८ नावं होती. नाव सुचवलं जाणं हा सन्मान नव्हे.

शुक्रवारी लास्लो क्रास्नाहोरकाई. हंगेरीतल्या ज्युला गावी १९५४ साली जन्म. इम्रे केर्तेस (२००२) यांच्यानंतर साहित्याचं नोबेल मिळालेले दुसरे हंगेरियन लेखक. १९८५ची पहिली कादंबरी 'सातानटँगो' एका मोडकळीस आलेल्या सामूहिक शेतीवरच्या लोकांची आहे. ते कुणीतरी येऊन आपल्याला सोडवेल म्हणून वाट पाहत बसतात, आणि येतो तो त्यांना फसवतो. त्यांची वाक्यं पानभर चालतात, पूर्णविराम सापडत नाही. आठवीच्या मुलांना कादंबरी वाचायला देऊ नका. त्यांना एकच वाक्य लिहायला द्या, शंभर ते दीडशे शब्दांचं, पूर्णविराम फक्त शेवटी. विषय जवळचा: आठवडे बाजार, कापूस वेचणीचा दिवस, पोळ्याची संध्याकाळ. 'जाऊन, बघून, थांबून' अशी रूपं आणि 'जो-तो, जेव्हा-तेव्हा' यांवर मराठी वाक्य कितीही लांब नेता येतं. फक्त 'आणि'ने जोडलेलं वाक्य परत द्या, ती यादी होते. अहिराणीत लिहिणाऱ्यांना अहिराणीतच लिहू द्या, त्यांचं वाक्य बहुतेक वेळा जास्त जिवंत येतं. आसोद्याच्या बहिणाबाईंनी लिहायला न येता घरच्या बोलीत रचलेल्या ओव्या आज विद्यापीठात शिकवल्या जातात, हे माहीत असलेल्या मुलाचा संकोच लवकर जातो.

अर्थशास्त्राला शनिवारची दहा मिनिटं पुरे. अर्धा पुरस्कार जोएल मोकीर यांना, उरलेला अर्धा फिलिप आगियों आणि पीटर हॉविट यांना. नवं तंत्र जुन्याला हटवतं आणि वाढ टिकून राहते, हा विषय. उदाहरण रानात आहे: कंदापासून लावायची बसराई जातीची केळी जाऊन ऊतिसंवर्धित रोपांची ग्रँड नैन आली, सोबत ठिबक आलं. कुणाचं उत्पन्न वाढलं आणि कुणाचं काम गेलं, हे मुलांना आजोबांकडून विचारून यायला सांगा.

मग पिशव्या उघडा, पिंजरे टांगा, लांब वाक्यं भिंतीवर लावा, फाशांचा आलेख तसाच ठेवा. पालक येतील तेव्हा प्रत्येक टेबलाशी दोन मुलं उभी करा आणि त्यांना एवढंच सांगा की पाहुण्याने "हे कशावरून?" विचारलं तर उत्तर द्यायचं. नवी सामग्री हवी असेल तर नोबेलच्या अधिकृत संकेतस्थळावर विज्ञानाच्या पुरस्कारांसाठी सोप्या भाषेतलं टिपण आणि शिक्षकांसाठी तयार पाठ मोफत असतो. चित्रं छापली तर खाली चित्रकाराचं नाव राहू द्या.

येत्या ऑक्टोबरात हे थेट पाहता येईल. घोषणा भारतीय वेळेनुसार साधारण अशा होतात: सोमवारी वैद्यक दुपारी ३, मंगळवार-बुधवारी भौतिकी आणि रसायन सव्वातीन, गुरुवारी साहित्य साडेचार, शुक्रवारी शांतता अडीच. साहित्याची घोषणा शाळा सुटण्याच्या सुमारास येते, म्हणून त्या दिवशी मुख्याध्यापकांची परवानगी आधी घेऊन ठेवा.